टोकियोतल्या जुन्या ओनिगिरीच्या दुकानात जायचंय? मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मार्च उजाडला की माझ्या फोनवर मेसेज सुरू होतात. साकुरा म्हणजे चेरीचा बहर बघायला कुणाची मावशी येतेय, कुणाचा मित्र, कुणाचे सासूसासरे, आणि हल्ली सगळ्यांनी तो रील बघितलेला असतोच की एका चिमुकल्या दुकानाबाहेर ही भलीमोठी रांग आणि आत काउंटरमागे भराभर भाताचे त्रिकोण वळले जातायत, तर आम्हाला तिथे जायचंच. मी टोकियोतल्या निशिकासाईत राहते, या दुकानांत स्वतः किती वेळा गेले आणि किती पाहुण्यांना नेलं त्याचा हिशोब नाही. प्रश्न मात्र तेच तेच येतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय.

ओनिगिरी म्हणजे नक्की काय? सुशीच ना ती?

नाही हो. सुशीच्या भातात व्हिनेगर, साखर, मीठ कालवतात. ओनिगिरीचा भात अगदी साधा, वळताना हाताला मीठ लावतात तेवढंच. मधे काहीतरी सारण आणि बाहेरून नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा भाजलेला कागदासारखा पापुद्रा. निगिरु म्हणजे मुठीत धरून दाबणं, त्यावरून ओनिगिरी. आपण मुटका म्हणतो ना, तसंच. पण मला विचाराल तर आपल्याकडचा खरा जवळचा शब्द शिदोरी आहे. शेतावर जाताना, प्रवासाला निघताना, शाळेच्या सहलीला घरातून बांधून दिलेलं खाणं. माझ्या ऑफिसातल्या कुठल्याही जपानी माणसाला ओनिगिरीबद्दल विचारलं की तो चवीबद्दल नंतर बोलतो, आधी आई किंवा आजी कशी वळायची ते सांगतो.

आणि ओमुसुबी म्हणतात ते वेगळं का?

तेच. मुसुबु म्हणजे बांधणं, जोडणं. कुठे हा शब्द चालतो कुठे तो, दुकानात दोन्ही कळतात.

सेव्हन इलेव्हनमध्ये पण मिळते की, मग रांगेत कशाला उभं राहायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, विशेषतः नवरे मंडळींकडून. सेव्हन इलेव्हन या दुकानांच्या साखळीतली ओनिगिरी चांगलीच असते, मी स्वतः आठवड्यातून दोनदा तरी खाते. १९७८ मध्ये त्यांनी ती प्लास्टिकची फिल्म आणली ज्यात नोरी आणि भात एकमेकांना लागत नाहीत, खायच्या वेळी ओढून काढायची, त्यामुळे नोरी कुरकुरीत राहते. ट्युना मेयोचं, म्हणजे ट्युना मासा आणि मेयोनीजचं सारण पण त्यांनीच १९८३ मध्ये आणलं, आता ते इतकं मुरलंय की जणू शंभर वर्षांपासून आहे. पण ती ओनिगिरी कारखान्यात होते, ट्रकने येते, फडताळावर थांबते, आणि या सगळ्यात मोडू नये म्हणून तिचा भात आटोपशीर दाबलेला असतो. दुकानातली तुमच्या डोळ्यासमोर वळलेली असते, भात गरम, आणि ती पाच मिनिटांच्या आत तुमच्या पोटात जाणार आहे हे वळणाऱ्याला माहीत असतं म्हणून ती सैल वळता येते. आपल्याकडे पाकिटातली पोळी मिळते आणि तव्यावरची पण मिळते, एवढाच फरक समजा, पण तो केवढा मोठा आहे ते तुम्हाला माहितीय.

कुठल्या दुकानात जायचं?

मी पाहुण्यांना दोनच ठिकाणी नेते. टोकियोच्याच ओत्सुका भागातलं बोंगो आणि असाकुसा भागातलं यादोरोकु.

बोंगो १९६० पासून आहे. सुरू करणारे गृहस्थ ड्रमर होते, म्हणून बोंगो ड्रमवरून नाव ठेवलं, त्या ड्रमसारखा आपला आवाज दूरवर जावा म्हणून. पुढे दुकान त्या गृहस्थांच्या पत्नी उकोन युमिको यांनी सांभाळलं. युमिको मूळच्या निगाताच्या, म्हणजे जपानच्या भाताच्या कोठारातल्या. तरुणपणी टोकियोत आल्या तर इथलं जेवण त्यांना रुचेना, मग बोंगोची ओनिगिरी खाल्ली आणि गिऱ्हाईक म्हणून येता येता दुकानाच्याच झाल्या. हल्ली ओनिगिरीच्या दुकानांची जी लाट आलीय त्यातली बरीच माणसं त्यांच्याकडे शिकून गेलेली आहेत.

यादोरोकु त्याहून जुनं, १९५४ चं, टोकियोतलं सगळ्यात जुनं ओनिगिरीचं दुकान म्हणून ते ओळखलं जातं. सेन्सोजी देवळाच्या मागच्या बाजूला. यादोरोकु हा शब्द बायको घरातल्या बिनकामाच्या नवऱ्याला उद्देशून वापरते, आणि दुकान सुरू केलं ते एका बाईने, आता नातवाच्या पिढीकडे आहे. मिशेलिन या खाण्याच्या ठिकाणांना मानांकन देणाऱ्या गाइडच्या टोकियो २०१९ च्या यादीत त्यांना बिब गुरमाँ मिळालं, ओनिगिरीच्या दुकानाला असा मान मिळायची ती पहिलीच वेळ. बिब गुरमाँ म्हणजे स्टार नव्हे, परवडणाऱ्या पैशात उत्तम खाणं देणाऱ्यांना ते देतात, आणि भाताच्या गोळ्याला ते मिळालं याचा मला उगाचच आपल्या घरचं कुणी पास झाल्यासारखा आनंद झाला होता.

दोन्हींत काय फरक? वेळ एकाच दुकानापुरता आहे.

बोंगोची ओनिगिरी मोठ्ठी, नेहमीच्या जवळजवळ दुप्पट, सारण भरभरून, वरच्या टोकाला पण थोडं सारण ठेवतात म्हणजे आत काय आहे ते दिसतं. पन्नासहून जास्त सारणं. गजबज, गरमागरम, पोटभर. यादोरोकु शांत आहे, सुशीच्या दुकानासारखा लाकडी काउंटर, काचेच्या पेटीत सारणं मांडलेली, तुमच्यासमोर एक एक करून वळून देतात, आकार बेताचा आणि नोरी अशी कुरकुरीत की चावल्याचा आवाज शेजारच्याला जातो. पहिल्यांदा येणाऱ्या भुकेल्या माणसाला मी बोंगोला नेते. आईला यादोरोकुला नेलं होतं.

निशिकासाईहून कसं जायचं?

आपली मराठी मंडळी बरीच इथेच उतरतात म्हणून इथूनच सांगते. बोंगोसाठी मेट्रोच्या तोझाई लाइनने सरळ ताकादानोबाबा स्टेशन, तिथे यामानोते या रेल्वे लाइनवर इकेबुकुरोच्या दिशेने, मेजिरो, इकेबुकुरो आणि तिसरं ओत्सुका. उत्तरेकडून बाहेर पडा, दुकान चालत पाच मिनिटांच्या आत आहे. रांगच दिसेल. यादोरोकुसाठी तोझाईने निहोनबाशी, मग गिंझा लाइनने शेवटचं स्टेशन असाकुसा, आणि देवळातून मागे चालत जा.

रांग किती असते?

खरं सांगू का, बोंगोला तासभर म्हणजे नशीब. दोन तास, तीन तास मी उभी राहिलेय. टीव्हीवर आलं, मग परदेशी लोकांच्या फोनवर आलं, आणि आत बसायला फक्त काउंटर, दहाएक माणसांचा. माझा अनुभव असा की आठवड्यातल्या मधल्या दिवशी, दुपारच्या जेवणाची वेळ उलटून गेल्यावर आणि पावसात रांग जरा कमी असते. यादोरोकुला वेगळीच गोष्ट आहे, त्यांचा भात संपला की दुकान बंद, म्हणून तिथे मी उघडायच्या आधी जाऊन उभी राहते.

रविवारी दोन्ही बंद असतात, हे लक्षात ठेवा, कारण पाहुण्यांना नेमका रविवारच मोकळा असतो. सणाच्या सुट्ट्या आणि वेळा बदलत राहतात, आदल्या दिवशी त्यांच्या स्वतःच्या पेजवर बघा.

बुकिंग करता येतं का? माझ्याकडे फक्त एक दुपार आहे.

बोंगोच्या काउंटरवर बसायला रांगच. एकच दुपार असेल आणि त्यात स्कायट्रीचा टॉवर पण बघायचा असेल, तर माझं ऐका, बोंगो सोडून द्या. घड्याळाकडे बघत खायची गोष्ट नाहीये ही. त्यापेक्षा ओमुसुबी गोन्बेइ नावाची चेन आहे, मोठ्या स्टेशनांजवळ त्यांची दुकानं असतात, हातानेच वळलेली आणि आकाराने मोठी मिळते, रांग दहा मिनिटांची. पहिली चव म्हणून उत्तम आहे.

रांगेत उभं राहायचे काही नियम आहेत का?

लिहिलेले थोडे, न लिहिलेले जास्त. एकाने उभं राहायचं आणि बाकीच्या पाच जणांनी ऐनवेळी येऊन मिसळायचं, हे इथे अजिबात करू नका. सगळ्यांनी सुरुवातीपासून उभं राहायचं. एकदा माझ्यासोबतचे काही जण मधेच कॉफी प्यायला गेले आणि दीड तासाने परत आले, मागची माणसं एक शब्द बोलली नाहीत, पण मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना, मी सगळ्यांना घेऊन रांगेच्या शेवटी गेले आणि परत उभी राहिले. शेजारच्या दुकानांच्या दारापुढे, घरांच्या पायऱ्यांवर बसू नका. तिथे लोक राहतात, त्यांना रोज ही गर्दी सोसावी लागते. मोठ्याने व्हिडिओ कॉल नको. बाथरूमला स्टेशनवरच जाऊन या. ऑगस्टमध्ये येत असाल तर छत्री आणि पाणी पाहिजेच, इथला उन्हाळा आपल्या मुंबईच्या मे महिन्याला मागे टाकेल असा दमट असतो.

आम्ही शाकाहारी आहोत, काही मिळेल का?

मिळेल, पण हे उत्तर पूर्ण वाचा, अर्ध्यावर सोडू नका.

सगळ्यात सुरक्षित शिओ मुसुबी, म्हणजे नुसतं मीठ लावलेली, आत सारण नाही. ऐकायला काहीच नाही असं वाटतं पण भात चांगला असेल तर तीच सगळ्यात छान लागते, आमच्या घरी एक मेतकूट-भात प्रेमी काका आले होते त्यांनी तीन खाल्ल्या. मग उमे, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, आपल्या खारातल्या लिंबाच्या जवळची चव, पण त्यात कधीकधी कात्सुओबुशी म्हणजे वाळवलेल्या माशाचे किसलेले पापुद्रे घालतात म्हणून विचारून घ्यायचं. ताकाना म्हणजे मोहरीच्या जातीच्या पानांचं लोणचं, तेलावर परतलेलं, थोडं तिखट, मराठी जिभेला हे हमखास आवडतं. कोम्बु म्हणजे जाड समुद्री पाल्याचं सोया सॉसमधलं गोडखारट सारण. नात्तो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, तार येते त्याला, वास पण येतो, ज्याला आवडलं त्याला आवडलं.

आता अडचण कुठे आहे ते सांगते. जपानमध्ये मासा दिसत नसला तरी दाशी असते. दाशी म्हणजे मूळ रस्सा, बहुतेक वेळा माशाचा आणि कोम्बुचा. तो सारणात असू शकतो, सोया सॉसच्या मिश्रणात असू शकतो आणि मिसोसूपमध्ये तर धरूनच चाला. सूपमध्ये नुसता तोफू तरंगताना दिसतो म्हणून शाकाहारी समजू नका. मिरिन किंवा साके म्हणजे तांदळाची दारू पण कोम्बुच्या सारणात शिजवताना घालतात. आणि तेच हात, तोच काउंटर, एक ओनिगिरी सॅमनची आणि पुढची तुमची. कुणाला हे चालत असेल कुणाला नसेल, ते आपलं आपण ठरवायचं. जे कडक पाळतात त्यांना मी स्पष्ट सांगते की तुम्ही येऊ नका, घरी माझ्याकडे या, मी करून घालते. तीन तास उभं राहून दारात गेल्यावर प्रश्न विचारत बसायचं आणि वळणाऱ्या बाईंना माफी मागायला लावायची, हे दोघांनाही त्रासाचं होतं.

वाक्य एवढं पाठ करा: निकु तो साकाना वा ताबेमासेन, म्हणजे मी मांस आणि मासे खात नाही. आणि दाशीबद्दल विचारायचं तर: दाशी वा हाइत्तेइमासु का, म्हणजे यात दाशी आहे का.

अंडं चालतं, मासे चालतात, मग काय मागवू?

मग तुमची चैन आहे. बोंगोला दोन सारणं एकत्र घेता येतात, लोक त्यासाठीच येतात. सॅमन आणि सुजिको, म्हणजे त्याच माशाची खारवलेली अंडी, हे मासेखाऊ कोकणी माणसाने सोडू नये. सोया सॉसमध्ये मुरवलेला अंड्याचा पिवळा बलक आणि खिमा, हे पण फार मागवतात, खिमा कशाचा ते आधी विचारा. मेन्ताइको म्हणजे माशाची तिखट गाभोळी, आमच्या मालवणच्या मैत्रिणीने पहिल्या घासालाच ओळखली आणि म्हणाली ही तर आपलीच.

किती मागवायच्या?

बोंगोला दोन. रील बघून चार मागवू नका. दोन आणि सूप घेतलं तर माणूस तुडुंब होतो आणि उरवणं बरं दिसत नाही. यादोरोकुला दोन किंवा तीन.

ऑर्डर कशी द्यायची? जपानी येत नाही.

रांगेत वेळ असतोच, तेव्हाच ठरवून ठेवा, खुर्चीवर बसून मेनू वाचायला सुरुवात करू नका. बोटाने दाखवून कोरे ओ कुदासाइ म्हणजे हे द्या. एक म्हणजे हितोत्सु, दोन म्हणजे फुतात्सु. पार्सल म्हणजे मोचिकाएरी. शब्द चुकला तरी काही बिघडत नाही, दोन बोटं दाखवली की कळतं.

आत नेमकं काय बघायचं? सगळे म्हणतात वळताना बघा.

हो, हेच बघायला बसायचं, फोन खाली ठेवा. बोंगोमध्ये आधी तिकोनी साच्यात भात पसरतात, खड्डा करून सारण भरतात, वर परत भात. मग तो त्रिकोण हातात येतो, हाताला मीठ, आणि दाबायचं साधारण तीनदाच. तीनदा म्हणजे खरंच तीनदा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं हे सुटून पडणार. आपण लाडू वळताना कसं गच्च आवळतो, मोडला तर लाज वाटते, इथे बरोब्बर उलटं आहे, बाहेरून आकार धरेल एवढंच दाबायचं आणि आत शितांमध्ये हवा राहू द्यायची. भात इतका गरम असतो की हात भाजतात, वर्षानुवर्षं ते हात तसेच चालतात. मग नोरी गुंडाळायची आणि लगेच समोर ठेवायची. पहिला घास घेतला की शितं तोंडात सुटी होतात, चिकट भात असूनही लगदा होत नाही, आणि त्या सैलपणासाठीच एवढी माणसं उन्हात उभी असतात असं माझं मत आहे. सारणं काय, कुठेही मिळतील.

मी घरी कितीतरी वेळा करून बघितलं, तीनदा दाबून सोडायचं म्हणजे हाताला केवढा अंदाज लागतो ते तेव्हा कळतं. घट्ट करणं सोपं असतं.

भात कुठला वापरतात?

बोंगोचा निगातातल्या इवाफुने भागातला कोशिहिकारी. ही जात १९५६ मध्ये नोंदली गेली आणि तेव्हापासून जपानी भाताचं नाव काढलं की तीच पुढे येते. जपानी तांदूळ आखूड असतो आणि त्यात अमायलोज नावाचा स्टार्च कमी असतो, म्हणून शिजल्यावर शितं एकमेकांना धरतात आणि गार झाल्यावर पण बासमतीसारखी ताठ होत नाहीत. शिदोरीला हेच तर पाहिजे.

खायचं कसं? चॉपस्टिक्स लागतात?

हाताने! हे सांगितलं की आपल्या लोकांचे चेहरे खुलतात. हात पुसायला ओला रुमाल मिळतो, पुसा आणि उचला. नोरीच्या बाजूने दोन्ही हातांनी धरा, बोंगोची तर एका हातात मावतच नाही. आली की लगेच खा. फोटो एक काढा, दहा नको, प्रत्येक मिनिटाला नोरी भाताची वाफ पिऊन मऊ पडत असते. शेवटी थोडा भात सुटतो तो बशीतून चॉपस्टिकने उचलायचा. लोणच्याची बाटली पर्समधून काढू नका, निदान पहिली ओनिगिरी तशीच खा, मग मला सांगा लोणचं हवं होतं का.

फोटो, व्हिडिओ?

आपल्या ताटाचा चालतो. काम करणाऱ्या माणसांचा आणि शेजारच्या गिऱ्हाइकांचा विचारल्याशिवाय नको, शाशिन ओके देसु का एवढं विचारलं तरी पुरतं. नाही म्हटलं तर नाही.

पैसे किती लागतात? कार्ड चालतं का?

दोन ओनिगिरी आणि सूप, हजार येनच्या जरा मागेपुढे, माशाची अंडी वगैरे घेतलं तर वर जातं. कॅश बरोबर ठेवाच. टिप देऊ नका, देण्याची पद्धत नाही, ते तुमच्या मागे पळत येऊन पैसे परत करतील.

जुन्या रील्समधले भाव धरून येऊ नका. इथे तांदूळ फार महागलाय. सुपरमार्केटमध्ये ५ किलोची पिशवी २०२५ च्या मार्चमध्ये सरासरी ४००० येनच्या वर गेली, आदल्या वर्षीच्या दुप्पट. ज्यांचा सगळा धंदाच भातावर आहे त्यांचं काय झालं असेल विचार करा. तरी पण दोन ओनिगिरीत पोट भरतं, म्हणून मला त्यांच्या भाववाढीबद्दल कुणी कुरकुर केली की वाईट वाटतं.

लहान मुलं, आजीआजोबा यांना आणावं का?

बोंगोच्या काउंटरला उंच खुर्च्या, जागा चिंचोळी, बाबागाडी आत नेता येत नाही. चार वर्षांच्या मुलाला दोन तास रांगेत उभं करणं हे मुलाचे पण हाल आणि तुमचे पण. गुडघेदुखी असलेल्यांना तर मी आग्रहच करत नाही. घरातल्या एकाने जाऊन पार्सल आणावं, आणि बाकीच्यांनी जवळच्या बागेत बसावं. पार्सलची पण रांग असतेच, पण बसून खाण्याइतकी नाही असा माझा अनुभव आहे.

पार्सल हॉटेलवर नेऊन रात्री खाल्लं तर?

नका ना. लगेच बाकड्यावर बसून खा. फ्रिजमध्ये तर मुळीच ठेवू नका, फ्रिजच्या गारठ्यात भाताचा स्टार्च भराभर कडक होतो, शितं खडखडीत होतात. उन्हाळ्यात बाहेर ठेवली तर खराब व्हायची भीती. शिनकानसेन म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये खायला घेऊन निघत असाल तर ठीक, दोन-तीन तासांत संपवा, नोरी मऊ पडेल पण मऊ नोरीची पण एक घरगुती चव असते, इथल्या आयांनी सकाळी डब्यात भरलेली ओनिगिरी दुपारी तशीच लागते.

किती जुना प्रकार आहे हा?

१९८७ मध्ये इशिकावा जिल्ह्यात, आताच्या नाकानोतो गावात, चानोबाताके नावाच्या जागी उत्खनन चालू होतं तेव्हा जळून कोळसा झालेला भाताचा गोळा सापडला, यायोई काळातला, म्हणजे जवळपास २००० वर्षांपूर्वीचा. त्यावर बोटांचे ठसे असावेत असं दिसतं. म्हणून ते गाव १८ जूनला ओनिगिरी दिवस पाळतं.

आणि एक ओमुसुबी दिवस पण आहे, १७ जानेवारीला. तो आनंदाचा नाही. १९९५ मध्ये त्या पहाटे कोबेला भूकंप झाला आणि स्वयंसेवकांनी वाटलेल्या ओमुसुबीवर माणसांनी दिवस काढले, त्याची आठवण म्हणून. संकटात मोठ्या भांड्यांत भात शिजवून वाटतात त्याला इथे ताकिदाशी म्हणतात. ओत्सुकाला गेलात तर तिथे एक मशीद आहे, २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर तिथल्या लोकांनी आणि आसपासच्या जपानी शेजाऱ्यांनी मिळून ओनिगिरी वळल्या आणि गाडीत भरून तोहोकूला, म्हणजे त्सुनामीचा तडाखा बसलेल्या ईशान्य जपानला पाठवल्या. बोंगोच्याच स्टेशनची गोष्ट आहे ही. मी पाहुण्यांना रांगेत उभी असताना हे सांगते, मग रांग थोडी लवकर सरते.

जेवून झाल्यावर लगेच उठायचं का?

हो. बाहेरची माणसं आठवा. गोचिसोसामादेशिता म्हणायचं, जेवण झाल्यावर म्हणायचा शब्द आहे, आणि काउंटरमागून सगळे एकदम उत्तर देतात. हा शब्द चुकवू नका, त्यांना तो तुमच्या तोंडून ऐकून फार बरं वाटतं.

पोट भरलं, आता ओत्सुकात काय बघू?

ट्राम. टोकियोत उरलेल्या मोजक्या ट्रामपैकी एक ओत्सुका स्टेशनच्या खालून जाते, एका डब्याची. तिने नाहीतर चालत सुगामोला जा, तिथली जिझो-दोरी ही आजीआजोबांची आवडती बाजारगल्ली आहे, आपल्या आईवडिलांना गजबजलेल्या शिबुयापेक्षा ती जास्त आवडते असं मी बघितलंय.

पुण्याला परत गेल्यावर घरी करता येईल का?

येईल की. बासमती आणि कोलम विसरा. इंद्रायणी घ्या, मावळातली. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोराच्या संकरातून ही जात निघाली, मऊ आणि चिकट, आणि वासाला कोशिहिकारीपेक्षा गोड. जुना तांदूळ नको, नवा बघून घ्या. धुवून अर्धा तास भिजवा, पाणी नेहमीपेक्षा कमी, कुकरच्या शिट्ट्यांनी लगदा होतो म्हणून जाड बुडाच्या पातेल्यात झाकण ठेवून शिजवा आणि गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं झाकण उघडू नका. हात ओले करा, चिमूटभर मीठ तळव्यावर पसरा, गरम असतानाच मूठभर भात घ्या. सारणाला मी खारातल्या लिंबाची फोड किंवा सुकं खोबरं-लसणाची चटणी घालते. नोरी नसली तर नसली. आईने एकदा भाजलेल्या तिळात घोळवल्या होत्या.

दाबा मात्र तीनदाच.